दम धरू नका

मार्चअखेरीला दाजींची बाग मोकळी झाली. शेवटची गाडी भरून गेली, उरलासुरला माल बेदाण्याच्या शेडवर पडला आणि खरड छाटणीला अजून आठ-दहा दिवस अवकाश होता. तासगावच्या द्राक्षवाल्याला वर्षातून हीच काय ती उसंत. एरवी दावण्या येतोय का आणि गारा पडतायत का, या दोन काळज्यांवर त्याचं वर्ष जातं. ही उसंत हेरून भाचीनं पुण्यातूनच मालवणला खोल्या धरल्या आणि चौघांची नावं स्कुबाला घालून टाकली: दाजी, आक्का, ती स्वतः आणि कराडचा मी.

"पैसे देऊन बुड्या मारायच्या?" दाजी म्हणाले. "आमच्या विहिरीत फुकट मारल्यात, पावणं."

ते खोटं नव्हतं. तीन परस पाण्याच्या विहिरीत थारोळ्यावरून मुटका मारायचा, तळ गाठायचा आणि मुठीत तळाची माती घेऊन वर यायचं, यात दाजी गावात नावाजलेले. माती दाखवल्याशिवाय बुडी धरली जायची नाही. (परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. विहिरीच्या पाण्याचं आमच्याकडचं माप हेच.) मी शिकलो कराडला, कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात त्या प्रीतिसंगमाच्या आसपास, पाठीला वाळक्या भोपळ्यांची जोडी बांधून. कुणाच्या पाठीला पत्र्याचा डबा असायचा, कुणाच्या पांगाऱ्याचा बिंडा. चार दिवसांनी थोरले कुणीतरी भोपळा सोडायचे आणि मागून ढकलून द्यायचे. सगळी शिकवणी दोन शब्दांची: दम धर. नाकातोंडात पाणी जाऊ द्यायचं नसेल तर दम धर, तळ गाठायचा असेल तर दम धर, पायाला पाणसाप लागला तरी दम धर.

आक्काला यातलं काहीच नाही. आमच्या घरी पोरी विहिरीवर जायच्या त्या धुणं घेऊन. पोहायला पोरं.

पेठ नाक्यावर मी त्यांच्या गाडीत चढलो. कोल्हापूर ओलांडून कळे, असळज करत गगनबावड्याला पोचलो, तेव्हा ऊन चढलं होतं. तिथून कोकणात दोन घाट उतरतात, करूळ आणि भुईबावडा. आम्ही करूळ धरला. घाटमाथ्यावर दाजींनी पाण्याची बाटली अर्धी केली, झाकण घट्ट लावलं आणि मागं टाकली. वैभववाडीत चहाला थांबलो तेव्हा ती बाटली दोन्ही कुशींनी आत बसलेली, कुणी मुठीत आवळल्यासारखी. दाजींना वाटलं, भाची तिच्यावर बसली. भाची मेकॅनिकलची. तिनं तिथंच शिकवणी सुरू केली. घाटमाथा समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास उंच, तिथं हवा विरळ. तिथली हवा बाटलीत कोंडून आपण खाली आणली. खाली हवेचा दाब आठेक टक्क्यांनी जास्त, त्यानं बाटली दाबली. मग ती म्हणाली, "पप्पा, अख्खा घाट उतरून जेवढा दाब वाढला ना, तेवढा पाण्यात कमरेएवढं खाली गेलं की वाढतो."

हे मला तोवर कधी कुणी असं सांगितलं नव्हतं. दहा मीटर पाणी म्हणजे डोक्यावर आणखी एक अख्खं वातावरण. विहिरीच्या तळाशी कानांत खुपायचं ते काय, याचा खुलासा वयाच्या पन्नाशीत, वैभववाडीच्या टपरीवर झाला.

तळेरे, कणकवली, कसाल आणि मालवण. संध्याकाळी दांडीच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर सिंधुदुर्ग. कुरटे नावाच्या खडकाळ बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ साली तो बांधायला घेतला आणि तीन वर्षांत उभा केला. किल्ल्याभोवतीचं पाणी १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्यात मोडतं. अभयारण्य लहानच, २९ चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि त्याचा गाभा जेमतेम तीन चौरस किलोमीटरचा. सिंधुदुर्ग आणि शेजारचा पद्मगड त्या गाभ्यात येतात. आपण चांदोलीला किंवा कोयनेच्या जंगलात गेलो की फाटकावर नोंद होते, पाटी दिसते, अरण्यात शिरल्याचं कळतं. इथं अरण्य पाण्याखाली असल्यानं वर सगळी जत्राच दिसते: बनाना राइड, पॅराशूट, भेळ, उंट. त्या उंटाच्या पायांपासून थोड्याच अंतरावर प्रवाळ आहेत, हे किनाऱ्यावरच्या निम्म्या माणसांच्या गावीही नसतं.

प्रवाळ म्हटलं की अंदमान नाहीतर लक्षद्वीप, अशी आपली समजूत. ती फारशी चुकीची नाही. ज्याला बेट म्हणावं, भिंत म्हणावं असं प्रवाळ मुख्यतः तिकडंच. पण उष्ण कटिबंधातलं उथळ, उबदार पाणी आणि खाली धरायला खडक, एवढं मिळालं की प्रवाळ तग धरतो, आणि किल्ल्याच्या पाठीमागचे खडक त्याला पुरतात. मालवणात स्कुबा रुजला तो गेल्या दोन दशकांत. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कुबा डायव्हिंगची संस्था आहे, सरावासाठी खास खोल बांधलेल्या तलावासह. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा एक प्रकल्पही सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर काही वर्षं चालला. वेंगुर्ल्याच्या बचत गटातल्या बायका होडीतून खारफुटीची सफर घडवू लागल्या, त्या याच काळात. पण खरा बदल झाला तो गाबितवाड्यांत. रापण ओढणाऱ्या आणि छोट्या होड्यांनी मासे मारणाऱ्या घरांतली पोरं, पर्ससीनवाल्यांनी समुद्र उपसल्यावर जाळ्यात येईना काही, तेव्हा ही टाकी पाठीला बांधू लागली. खडक कुठं आहे, करंट कुठून लागतो, कुठल्या वाऱ्यात पाणी गढूळ होतं, हे त्यांना घरातूनच ठाऊक.

आमच्या वाट्याला आलेला प्रशिक्षकही असाच, पंचविशीतला, उन्हानं केस तांबूस झालेला.

"खंयसून इलात?"

"सांगलीकडनं."

"म्हणजे घाटावरचे. पाण्याची सवय आसतली मगे."

"तीन परस विहीर हाय आमची," दाजी म्हणाले.

तो हसला. "काकानु, थंयच तर घोटाळो आसा."

आधी फॉर्म भरून घेतला. दमा आहे का, रक्तदाब, हृदयविकार, कानाचं दुखणं, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया. दाजी सगळीकडं 'नाही' लिहीत सुटले होते. आक्कानं पेन काढून घेतलं आणि बीपीच्या गोळीची आठवण करून दिली. डॉक्टरांना फोन लावला, बीपी गोळीवर आटोक्यात असल्याचं त्यांच्याकडून कळलं, तेव्हा कुठं प्रशिक्षकानं हो म्हटलं. हा फॉर्म न वाचता सही मागणारी माणसंही किनाऱ्यावर आहेत. तिथं उतरू नये, इतकंच सांगेन. पोहता येण्याची मात्र सक्ती नाही, कारण पहिल्या वेळी प्रशिक्षक तुम्हाला धरूनच असतो. आक्कानं तेवढ्यात विचारून घेतलं, "मगरी न्हाईत न्हवं?" भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात कृष्णेला मगरी आहेत आणि आक्काचं माहेरचं आणि सासरचं अर्धं गणगोत त्या काठाला. पोरगा म्हणाला, "मगर नाय. पण गोबरो आसा, तो बघीत तुमका."

मग टाकी. तिला सगळे ऑक्सिजनची टाकी म्हणतात. तिच्यात ऑक्सिजन नव्हे, आपली साधी हवाच असते, गाळून, कोरडी करून, दोनशेपट दाबानं कोंबलेली. अकरा-बारा लिटरच्या टाकीत २,२०० ते २,४०० लिटर हवा बसते. पण कोंबलेली हवा तशीच छातीत सोडली तर माणूस फुटेल. म्हणून तोंडात धरायच्या नळीआधी झडपा असतात. त्या, तुम्ही ज्या खोलीवर असाल तिथल्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा देतात, आणि तीही तुम्ही ओढाल तेव्हाच. फ्रान्समध्ये जाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ साली ही जोडणी जमवली, आणि माणूस वरून हवा पुरवणाऱ्या पंपाच्या दाव्यातून सुटला.

लहानपणी आम्ही पपईच्या पानाचा पोकळ देठ तोंडात धरून विहिरीत बसायचो. हात-दीड हात खाली गेलं की श्वास ओढताच यायचा नाही. आम्ही समजायचो, देठ चिरलाय. देठ धड असायचा. छातीवर पाण्याचा दाब आणि देठातून येणारी हवा वरची, हलकी. बरगड्यांना ते पाणी उचलून धरून फुगावं लागतं, आणि बरगड्यांत तेवढी ताकद नसते. कुस्तोंनी सोडवलं ते हेच कोडं.

कमरेएवढ्या पाण्यात उभं करून पोरानं चार गोष्टी शिकवल्या. मुखवट्याच्या काचेला आतून थुंकी चोळून खळबळून घ्यायची, म्हणजे वाफ धरत नाही. नाक मुखवट्यात बंद, श्वास तोंडानं. दर दोन-तीन फुटांवर नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, म्हणजे कानाचे पडदे सुटतात. हाताच्या खुणा. आणि शेवटी बोट उगारून, "दम धरू नकात. कायव झाला तरी श्वास घेत रवा."

आयुष्यभर शिकलेलं अक्षर न् अक्षर पुसायला सांगत होता तो.

त्याचं कारण भाचीनं रात्रीच समजावलं होतं. दहा मीटरवर छाती भरून घेतलेली हवा वर येईस्तोवर दुप्पट होते. विहिरीत बुडी मारणाऱ्याला हे लागू नाही, कारण तो वरची हवा खाली नेतो, ती दबते आणि परतताना पुन्हा मूळ आकाराची होते. टाकीवाला खालीच भरून घेतो. त्यानं दम धरला आणि वर आला, तर फुगणाऱ्या हवेला वाट नाही, फुफ्फुस फाटतं. म्हणजे जी सवय विहिरीत जीव वाचवते, तीच इथं जीव घेते.

सकाळी साडेआठला होडी किल्ल्याला वळसा घालून पाठीमागे आली. दुपारी वायव्येचा वारा सुटतो आणि पाणी ढवळतं, म्हणून सकाळचंच बरं. हंगाम ऑक्टोबर ते मे. मेअखेर ते ऑगस्टअखेर सगळ्या होड्या वरच. नांगर टाकायला पोरानं वाळूचा पट्टा शोधला. शेजारच्या एका होडीनं तो सरळ खडकावर सोडला, आणि आमच्या पोरानं मालवणीत जे काही म्हटलं ते इथं लिहिता येणार नाही. तळाशी किती पाणी, असं विचारलं तर तो म्हणाला, "चार वाव." वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरची लांबी, सहा फूट. आम्ही माणूस उभा करून मोजतो, हे आडवा करून मोजतात. चार वाव म्हणजे सात मीटर, आणि आमच्या परसात साडेतीनच्या आसपास. दाजींच्या विहिरीहून अर्धा परस जास्त. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी २०१९ च्या महापुरात कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती, त्याच्या निम्मंही नाही. दाजी हिशोब करून निवांत झाले. सांगलीकडचा माणूस पाणी फुटांत ऐकतो आणि मनातल्या मनात पुलाला लावून बघतो. धोक्याची पातळी ४५, हे तिथं शाळकरी पोरालाही ठाऊक.

पहिले दाजी उतरले. मिनिटभरात वर. काय झालं कुणाला कळेना. खाली गेल्यावर पोरानं खुणेनं विचारलं, ठीक आहे का? दाजींनी झकास म्हणून अंगठा वर केला. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'मला वर न्या'. ठीक आहे म्हणायचं तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. पोरानं त्यांना इमानेइतबारे वर आणलं. दाजी पुन्हा उतरले, पुन्हा खूश झाले, पुन्हा अंगठा वर. तिसऱ्या वेळी पोरानं त्यांचा अंगठाच मुठीत धरून ठेवला.

माझं वेगळंच. नळी तोंडात, हवा हजर, आणि मी गाल फुगवून दम धरून बसलेलो. खाली चाललोय आणि बुडबुडे नाहीत. पोरानं बोटाच्या पेरानं माझ्या टाकीवर ठकठक केलं, स्वतःच्या बुडबुड्यांकडं बोट दाखवलं. सोडला श्वास, तर बुडबुड्यांचा लोट कानांवरून वर गेला. मग कान. घाईत फुंकायचं राहिलं आणि डाव्या कानात सुई टोचल्यासारखी कळ आली. हातभर वर नेऊन त्यानं फुंकायला लावलं. कानात 'टिक्' झालं आणि कळ गेली. हात-पाय मात्र चालूच होते. पाणी हाणायचं, ढकलायचं, त्याच्याशी झगडत राहायचं, हीच आमची पोहण्याची व्याख्या. इथं सगळं फुकट. जेवढे हात मारावेत तेवढा श्वास वाढतो, टाकी लवकर संपते आणि मासे पळतात.

आणि पलीकडं आक्का. हात छातीशी गुंडाळलेले, पाय सैल, देवळात प्रदक्षिणा घालावी तशी संथ. तिला विसरायला काही नव्हतंच. 'श्वास घेत राहा' म्हटल्यावर ती घेत राहिली.

पहिली गोष्ट जाणवली ती आवाजाची. समुद्र शांत असतो ही कविकल्पना. खाली सतत तडतड चाललेली असते, तव्यावर शाळवाच्या लाह्या फुटाव्यात तशी. खडकाच्या भेगांत राहणारी बोटाएवढी कोळंबी आपला मोठा आकडा इतक्या जोरात मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो. तो त्याचा आवाज. हजारोंच्या संख्येनं त्या हे करत असतात.

दुसरी गोष्ट रंगाची. दाजींच्या मनगटाला जोतिबाचा लाल दोरा होता. होडीत तो लालभडक. खाली बघतो तर काळपट तपकिरी, जुन्या सुतळीसारखा. पाणी लाल रंग सगळ्यांत आधी गिळतं, मग नारिंगी, मग पिवळा. दाजी स्वतःच हात उलटासुलटा करून बघत होते. फोटोतल्या लाल-गुलाबी प्रवाळबागा या बहुधा दिव्याच्या उजेडातल्या असतात, हे त्यावरून कळावं. आमच्यापाशी दिवा नव्हता आणि पाणीही पोस्टरातल्यासारखं निळं नव्हतं. हिरवट, पाच-सहा मीटरपुढं धुरकट. उत्तरेला गड नदी, दक्षिणेला देवबागपाशी कर्ली. सह्याद्रीचा गाळ या दोघी पावसाळाभर आणून ओततात, आणि वाऱ्यानं तो पुन्हा पुन्हा उठतो. घाटातून येताना ज्या डोंगरांना आपण हिरवेगार म्हणून फोटो काढतो, त्यांचीच माती इथं डोळ्यांपुढं तरंगत असते.

या गाळात जगू शकतील असेच प्रवाळ इथं जास्त आहेत. पोराईट्सचे ओबडधोबड गोळे, टर्बिनारियाच्या पानांसारख्या पापुद्र्यांची चळत. पोरानं मला एका टर्बिनारियासमोर आणून थांबवलं, हातभर अंतरावर, आणि हात पाठीमागे घ्यायला लावले. आधी तो नुसता मळकट पिवळा दगड दिसला. टक लावून बघत राहिल्यावर त्या दगडावर मुगाच्या दाण्याएवढी भोकं दिसू लागली, प्रत्येकातून बारीक बोटांचं फूल डोकावलेलं. प्रत्येक फूल म्हणजे एक प्राणी, आणि दगड त्यांनी सगळ्यांनी मिळून बांधलेला वाडा. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उन्हावर अन्न करून घरमालकाला देतं, रंगही त्याचाच. पाणी काही आठवडे नेहमीपेक्षा तापलेलं राहिलं की हे भाडेकरू बाहेर पडतात आणि वाडा पांढरा पडतो. भाडेकरू वेळेत परतले नाहीत, तर मालक उपाशी मरतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी मालवणच्या पाण्यातही असं पांढरं पडणं नोंदवलं आहे. खडक बांधणाऱ्या प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला, बसवलेलं आहे. तुकडा मोडून खिशात घालणं हा त्यामुळं पोरखेळ नव्हे, गुन्हा आहे.

वाघाच्या पंगतीतल्या त्या जिवावर एक गृहस्थ उभे होते. शब्दशः. बहुधा दमले असावेत, म्हणून रबरी वल्ही घातलेले दोन्ही पाय त्यांनी खडकावर टेकले आणि मोबाइलवाल्याकडं बघून हात हलवला. त्यांच्याभोवती काळ्या पट्ट्यांचे पिवळसर मासे गरगरत होते. अंगावर पाच उभे पट्टे म्हणून त्यांना सार्जंट मेजर म्हणतात. ते काही माणसाच्या प्रेमानं जमत नाहीत. वरून कुणीतरी पावाचा चुरा सोडत होतं, म्हणजे फोटो भरगच्च येतो. पाव खायला सोकावलेला मासा खडकावरचं शेवाळ खाणं सोडतो, ते शेवाळ वाढून प्रवाळावर चढतं. शिवाय उंडारलेल्या सार्जंटांच्या गर्दीत बुजरे मासे येईनासे होतात. आमच्या पोरानं आम्हाला बोटाच्या खुणेनं बाजूला घेतलं, खडकाच्या दुसऱ्या अंगाला, जिथं पाव नव्हता.

तिथं खरं बघायला मिळालं. फुलपाखरू माशांची एक जोडी, ताटलीसारखी चपटी, दगडादगडाला तोंड लावून वेचत फिरणारी. एका कपारीत काटेरी गोळा, साळिंदराच्या पिलासारखा, काटे हळूहळू हलवणारा. त्याच्या शेजारच्या भेगेतून दोन लांब मिशा बाहेर आलेल्या. मिशा आधी डावीकडं, मग उजवीकडं वळल्या, मग मागचा धनी अर्धा डोकावला: शेवंड. मालवणात ताटात बघितलेली, अशी घरात बसलेली पहिल्यांदाच. आणि मग तो गोबरा. खडकाचाच तुकडा वाटावा असा ठिपक्याठिपक्यांचा, जाड ओठांचा, गावातल्या कट्ट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यासारखा प्रत्येकाला न्याहाळणारा. आक्का त्याच्यासमोर थांबली. दोघं एकमेकांना बघत राहिले. तो हलला नाही आणि तीही नाही. मी पुढं सरकलो, पाय मारला, आणि तो शेपटीच्या एका झटक्यात गायब. आक्कानं मुखवट्याआडून माझ्याकडं जे बघितलं, ते मला लहानपणापासून ओळखीचं आहे.

वीस-पंचवीस मिनिटांत वर आलो. टाकीत आक्काची हवा सगळ्यांत जास्त उरली होती, दाजींची सगळ्यांत कमी.

दुपारी किल्ला बघितला. चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. दाजी साखरबावेत वाकून बराच वेळ परस मोजत होते.

होडीवाल्यानं किल्ल्यावरून पश्चिमेला हात करून सांगितलं की खरी बाग तिकडं, लांब. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभराहून जास्त किलोमीटरवर समुद्रात एक बुडालेलं पठार आहे, त्याचं नाव आंग्रिया बँक. लांबी चाळीस किलोमीटरच्या घरात. त्याचा माथाही पाण्याखाली वीसेक मीटरवर. नदीचा गाळ तिथवर पोचत नाही, म्हणून पाणी निवळ आणि प्रवाळ भरघोस. डिसेंबर २०१९ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका पथकानं तिथं मोहीम काढली होती. नाव अर्थात कान्होजी आंग्र्यांचं. आधी ताराबाईंच्या बाजूला असलेल्या कान्होजींना बाळाजी विश्वनाथानं १७१३-१४ च्या सुमारास साताऱ्याच्या शाहू महाराजांकडं वळवलं आणि सरखेली त्यांच्याकडंच राहिली. म्हणजे एका अर्थी ते पठार आमच्या सातारच्या दफ्तरातलं. मी हे अभिमानानं सांगितलं. होडीवाल्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मगे तुमच्या कोयनेचा पाणी आमच्याकडे कित्याक सोडतत?" तेही खरं. कोयनेच्या पाण्यावर वीज केली की ते पोफळीला उतरून वाशिष्ठीत आणि दाभोळच्या खाडीतून समुद्रात जातं, वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत. कृष्णेचं पाणी बंगालच्या उपसागराला, कोयनेचं अर्ध्याहून जास्त अरबी समुद्राला. प्रीतिसंगमावर भेटायच्या आधीच कोयना वाटणी करून मोकळी होते.

निवती रॉकपाशी आता आणखी एक घाट घातलाय. नौदलातून २०२४ च्या जानेवारीत निवृत्त झालेली 'गुलदार' ही युद्धनौका तळाशी ठेवून पाण्याखालचं संग्रहालय करण्याचा. बुडालेल्या लोखंडावर कालवं, शिणाणे, मासे वस्ती करतात आणि पर्यटकांचा भार नैसर्गिक खडकांवरून उतरतो, असा त्यामागचा हिशोब. हिशोब बरा आहे. पण संग्रहालय बघायला आलेला माणूस जाताना खडकही बघून जाणारच, त्याचं काय करायचं ते मालवणलाच ठरवावं लागेल.

दाजींना त्याच संध्याकाळी परतायचं होतं. पोरानं अडवलं. "आज घाट चढू नकात. सकाळी जावा." दाजींना वाटलं, लॉजवाल्याशी संधान असणार. तसं नव्हतं. दाबाखाली श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन रक्तात आणि मांसात जास्त मुरतो. वर आल्यावर तो हळूहळू निघून जातो, पण घाईनं आणखी कमी दाबात गेलं, तर सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे होतात, सांधे धरतात, कधी त्याहून वाईट. म्हणून स्कुबानंतर विमान नको: एक बुडी असेल तर बारा तास, जास्त असतील तर अठरा. हा नियम फक्त विमानाचा नाही, सहाशे मीटरच्या वरच्या कुठल्याही उंचीचा आहे. गगनबावडा तेवढ्याहून वर, सातारा सात-साडेसातशे मीटरवर, महाबळेश्वर त्याच्या दुपटीच्या जवळ. सात मीटरवर वीस मिनिटं राहिलेल्याला धोका जवळजवळ नाहीच, हे पोरानंही कबूल केलं. पण मुंबईकर डोळे झाकून गाडी काढू शकतो, घाटावरच्यानं एक रात्र घालवावी. आम्ही घालवली. तळलेला बांगडा आणि सोलकढी असल्यावर आग्रह फार करावा लागला नाही. भाचीनं त्या रात्रीच ठरवून टाकलं की मे महिन्यात तीन-चार दिवसांचा रीतसर कोर्स करायचा. तो केला की अठरा मीटरपर्यंत जाता येतं आणि सोबत कुणी धरायला लागत नाही. दाजींनी फीची चौकशी केली, आक्कानं तारखांची.

सकाळी निघताना दाजींनी दांडीवर उरलेल्या पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि यावेळी जाणूनबुजून समोर ठेवली. करूळचा घाट अर्धा झाला तेव्हा ती ताठ झाली. माथ्यावर, धुक्याच्या कडेला, चहाच्या टपरीपाशी गाडी उभी केली तेव्हा बाटलीच्या कुशी टम्म फुगलेल्या. दाजींनी झाकण फिरवलं. फुस्स.

"बघा," आक्का म्हणाली, "हिनं धरला होता दम."

दाजींचा फोन वाजला. छाटणीची टोळी सोमवारी येतीय म्हणत होती.